अर्धा सूर खाली

सूर आला. इतका सहज आला की तो आपलाच आहे हे तिला क्षणभर पटेना. रंगीत तालीम होती, दुपारची वेळ. प्रेक्षागृहात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, आणि ज्या भरल्या होत्या त्यांत कलाकारांच्या घरची माणसं, कपडेपटातल्या बायका आणि फुकट ऑपेरा पाहायला मिळतोय म्हणून आलेले कोणाकोणाचे शेजारी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी कप्तानाची बायको धक्क्यावर एकटी उभी राहून परत न येणाऱ्या जहाजाला हाक मारते. ती हाक शेवटी जिथे जाऊन पोचते, तो सूर गेली दोन वर्षं तिच्या जिवाला घोर लावून बसला होता. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून ती तो शोधायची. कधी सापडायचा, कधी नाही. सापडला तरी असा, की कुलूप उघडलं पण किल्ली वाकली. आणि आज ती त्या सुराखाली येऊन उभी राहिली, श्वास घेतला, तोंड उघडलं, तर दार उघडंच. सूर भरलेला, गोल. डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या आत जिथे वाजायला हवा तिथेच वाजला आणि तिला हवा तितका वेळ थांबला. गाता गाता तिला हसू यायला लागलं. नवऱ्याचं जहाज बुडालेल्या बाईला हसू येणं बरं दिसत नाही, म्हणून तिने मान वळवली, आणि विंगेत उभ्या असलेल्या धाकटीला वाटलं की ताई रडताहेत.

धाकटी म्हणजे तिची राखीव गायिका. हिला काही झालं तर ऐन वेळी उभं राहायचं, तोवर कोपऱ्यात उभं राहून मनातल्या मनात गायचं. ही मुलगी डोळे पुसत पुढे आली आणि म्हणाली, "ताई, आज काय लागला हो सूर." पाठीमागची बटणं काढणारी कपडेपटातली बाई म्हणाली, "आज काय खाऊन आलात ते सांगा, आम्हीपण खातो." ती हसली. काय खाल्लं होतं? काहीच नाही. घशाच्या नव्या डॉक्टरांनी वाफ घ्यायला सांगितली होती, थंड पाणी बंद केलं होतं, आणि काल झोप चांगली लागली होती. माणूस सुखात असला की कारणं पायलीला पन्नास सापडतात. म्हणजे आवाज गेला नव्हता तर. नुसता रुसून बसला होता. ती कॉफीचा पेला घेऊन पडद्यामागच्या बाकावर बसली, पायातले बूट काढले, आणि तो सूर डोक्यात तसाच धरून ठेवला, एखादी गोष्ट मुठीत धरून पुन्हा पुन्हा मूठ उघडून बघावी तसा. तेवढ्यात पलीकडे वाद्यवृंदाची सुट्टी संपली. तिसऱ्या अंकाआधी वाद्यं जुळवायला ओबोवाल्याने त्याचा नेहमीचा लांब सूर दिला. सगळी वाद्यं ज्याच्याशी स्वतःला मिळवून घेतात तो सूर, तिने जन्मभर ऐकलेला. आणि तिच्या डोक्यातला सूर त्याच्यापासून जितका दूर असायला हवा होता तितका नव्हता.

तिने पुन्हा मोजून पाहिलं. हळूच, ओठ मिटून, नाकातल्या नाकात. मग आणखी एकदा. अंतर कमीच भरत होतं, अर्ध्या सुराने. कान खोटं बोलत नाहीत, पण आनंद झाला की माणूस त्यांचं ऐकतही नाही. आता एकेक गोष्ट तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. गाण्याआधीच्या त्या वादळाच्या वाजवण्यात नगारे आज जरा जास्तच वेळ घुमले होते, आणि त्या गडबडीत पट्टी खाली सरकवली गेली होती. व्हायोलिनवाल्यांनी एकदम पान उलटलं होतं, जिथे उलटायचं काही कारण नव्हतं. कंडक्टर, जो एरवी त्या जागी तिच्याकडे रोखून बघतो, तो आज समोरच्या कागदात डोकं घालून होता. म्हणजे रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसणाऱ्या सगळ्या वाद्यवृंदाला नवी पानं मिळाली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. पियानोवाल्याला, बासरीवाल्या दोघींना, अंकाच्या शेवटी एकदाच झांज वाजवून घरी जाणाऱ्या त्या जाड्यालासुद्धा. आणि तिसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला, व्हायोलिनहून जरा मोठी, खालच्या आवाजाची व्हायोला घेऊन बसणाऱ्या तिच्या नवऱ्याला.

तिसरा अंक तिने कसा गायला ते तिला नंतर आठवेना. तिसऱ्या अंकात कप्तानाची बायको मरते; ती मेली असावी, कारण पडदा पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना बसमध्ये आई खिडकीशी, ती मधे आणि नवरा कडेला, मांडीवर व्हायोलाची पेटी उभी धरून. आई टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये नोकरीला होती. जन्मभर तिने दुसऱ्यांची बोलणी एकमेकांना जोडून दिली आणि आपलं बोलणं कधी आवरलं नाही. लेक ऑपेरात गेली तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता की कंडक्टर आहे तर तिकिटं तोच फाडतो का, आणि हा प्रश्न विनोद म्हणून विचारला होता की खरोखर, हे घरात आजवर कोणाला कळलेलं नाही. आज आई खुशीत होती. पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईला ती सांगत होती की ही माझी मुलगी, आज हिचं गाणं ऐकून माझ्या शेजारच्या माणसाने नाक शिंकरलं. नवरा ओठ मिटून हसत होता. ती त्याच्या हातांकडे बघत होती. डाव्या हाताची बोटं पेटीवर नकळत हलत होती, तारा दाबत असल्यासारखी. हा माणूस गेला आठवडाभर मागच्या खोलीत दार लावून, व्हायोलाच्या घोडीवर आवाज दाबायचा चाप बसवून सराव करत होता. तिने त्याला म्हटलंही होतं की एवढं दाबून का वाजवतोस, मला त्रास होत नाही. तो म्हणाला होता, तू विश्रांती घे. तिने विश्रांती घेतली होती. भिंतीपलीकडे तिचंच गाणं अर्धा सूर खाली उतरवलं जात होतं आणि ती इकडे वाफ घेत होती.

व्हायोलावाल्याशी लग्न केलं तेव्हा मैत्रिणींनी तिला चिडवलं होतं की नायक सोडून पाठीमागच्या गर्दीतला धरलास. व्हायोला भिंतीतल्या विटेसारखी असते, दिसत नाही, काढली तरच कळतं. त्याचा स्वभावही तसाच. इतक्या वर्षांत त्याने तिच्या गाण्यावर एकदाही मत दिलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, मला खालून नीट ऐकू येत नाही. तिला ते आवडायचं. सगळं जग तिच्या घशात डोकावत असताना निदान एक माणूस नजर दुसरीकडे वळवून बसला आहे असं तिला वाटायचं.

संध्याकाळी आई पलीकडच्या खोलीत बातम्या लावून बसली, तेव्हा तो मोरीपाशी कप धूत होता. ती दाराला टेकून उभी राहिली.

"किती दिवस झाले पानं वाटून?" तिने विचारलं.

त्याने कप पालथा ठेवला, दुसरा घेतला. "तुला कळलं."

"तुला काय वाटलं, नाही कळणार?"

"हो," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे. ही त्याची एक फार त्रासदायक सवय होती. "मला वाटलं, नाही कळलं तर बरं."

"कंडक्टरने सांगितलं तुला गप्प राहायला?"

"नाही. मीच सांगितलं त्याला." त्याने नळ बंद केला, पण वळला नाही. "मी रोज सकाळी ऐकतो तुला, न्हाणीघरात. दोन वर्षं ऐकतोय. तू तो सूर शोधत असतेस आणि मी इकडे चहाचं आधण ठेवून उभा असतो. चहा उकळून आटतो तरी मला गॅस बंद करायचं सुचत नाही. मग एक दिवस मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, अर्धा सूर खाली घ्या. तो म्हणाला, मी त्यांच्याशी बोलतो. मी म्हटलं, बोलू नका."

"बोलू नका?"

"बोलला असता तर तू नाही म्हणाली असतीस."

ती दारापासून वळली. बोलायला तोंड उघडलं असतं तर ओरडली असती, आणि परवा प्रयोग होता. रागावायचं तरी घसा सांभाळून. तिला वाटलं, भांडायची चैनसुद्धा माझ्या नशिबी नाही. ती खोलीत जाऊन पलंगावर बसली. राग नेमका कशाचा येतोय ते तिला सापडेना. पट्टी खाली आणल्याचा? पुष्कळ जणी आणतात, त्यात लाज नाही. न विचारल्याचा? हो, पण तेवढाच नाही. तो सूर लागला तेव्हा ती सुखावली होती, आणि त्या सुखाला सगळे साक्षी होते. खड्ड्यात बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी तिला हसताना पाहिलं होतं. लहान मूल सायकल चालवतं, बापाने मागून धरलेली असते, आणि मूल ओरडतं, बघा, मला येतेय. तसं. आणि मागून धरणारा तिचा नवरा होता.

तिला गुरुबाई आठवल्या. उंच खिडक्यांची ती खोली, पियानोच्या झाकणावर जळलेल्या सिगारेटचा डाग, आणि पियानोशी पाठ ताठ करून बसलेल्या बाई. बाईंचा एकच मंत्र होता, थांब. हिचा आवाज मोठा आहे, पण कच्चा आहे. घाई केली तर फाटेल. कप्तानाची बायको ती बाईंकडे विशी सरता सरता शिकली, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, आणि शिकवून झाल्यावर बाईंनी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. म्हणाल्या, "आता हे विसरून जा. चाळिशीला काढू." त्या वयात चाळिशी म्हणजे दुसऱ्यांना होणारा आजार वाटतो. मग एकदा परगावच्या एका नाट्यगृहातून फोन आला. त्यांची नायिका सोडून गेली होती, त्यांना हीच भूमिका गाणारी तातडीने हवी होती. तिने फोन हातात धरूनच सांगितलं की बाईंना विचारून कळवते. बाई म्हणाल्या, थांब. ती थांबली. तिच्याबरोबर शिकणारी दुसरी एक मुलगी गेली, घोगऱ्या आवाजाची, उंच टाचा घालणारी, तालात कच्ची. ती तिथे चार हंगाम गायली आणि मग तिचा आवाज जो बसला तो उठलाच नाही. ही गोष्ट ती स्वतः नंतर कितीतरी वर्षं नव्या मुलींना सांगत असे, तात्पर्यासकट. बघा, घाई केली की असं होतं.

मागच्या वर्षी चष्म्याच्या दुकानात ती मुलगी तिला भेटली. मुलगी कसली, केस पांढरे, हातात दोन कुत्र्यांचे पट्टे. आवाज खरखरीत, रद्दी चाळल्यासारखा. हिने दुःखी चेहरा करून म्हटलं, "फार वाईट झालं गं तुझं." ती बाई खो खो हसली आणि म्हणाली, "वाईट कसलं? चार वर्षं काय मजा आली म्हणून सांगू. पडदा वर जायचा ना, तेव्हा पोटात असा खड्डा पडायचा... तू कधी गायलीस गं ती बायको?" हिने म्हटलं, अजून नाही. "अजून नाही?" ती बाई म्हणाली, आणि मग घाईघाईने चष्म्याच्या काड्यांवर बोलायला लागली. दुकानातून बाहेर पडल्यावर हिला पहिल्यांदा आपल्या तात्पर्याची शंका आली.

कारण थांबून काय झालं होतं? नाट्यगृहात नोकरी लागली, आणि पहिल्याच हंगामात ह्याच ऑपेरातली मोलकरीण मिळाली. एकच ओळ: बाईसाहेब, दिवा विझला. पडदे ओढणाऱ्यांनी तिचं नाव दिवा ठेवलं. मग नायिकेची मैत्रीण, नायिकेची बहीण, दाई, देवदूत, पडद्यामागचा आवाज. आवाज पिकत गेला, बाईंनी सांगितला तसाच पिकला, पण पिकलेलं फळ ज्या टोपलीत ठेवायचं ती टोपली थोरलीच्या ताब्यात होती. थोरली म्हणजे इथली मोठी गायिका. पाट्यांवर जिचं नाव सर्वांत वर आणि सर्वांत जाड. हिला तिची राखीव नेमलं. राखीव म्हणजे गाडीच्या मागचं सुटं चाक: गाडी सगळीकडे फिरते, चाकही फिरतं, पण जमिनीला टेकत नाही. थोरलीची तब्येत घोड्यासारखी. साथी आल्या, गेल्या, निम्मा कोरस अंथरुणाला खिळला, पण थोरलीला शिंकसुद्धा आली नाही. एकदा थोरलीचा पाय मुरगळला तेव्हा हिच्या मनात जे आलं त्याची हिला इतकी शरम वाटली, की दुसऱ्या दिवशी ती फुलं घेऊन तिला भेटायला गेली. थोरलीने त्या दिवशी खुर्चीवर बसून गायलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. आणि मधे केव्हातरी, नक्की कुठल्या दिवशी ते कोणालाच सांगता येणार नाही, लोक हिला नावाने हाक मारायचे थांबले आणि ताई म्हणायला लागले. शेवटी थोरली निवृत्त झाली, बाहेरून ठरवलेली गायिका येईना झाली, आणि नवा कंडक्टर म्हणाला, घरातच माणूस आहे की. चाळिशी केव्हाच उलटली होती. बाई वारल्या होत्या. कपाटातलं पुस्तक निघालं आणि त्याची बांधणी हातात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंडक्टरच्या खोलीत गेली. तिच्यापेक्षा वयाने बराच लहान, हुशार, सभ्य मुलगा. खुर्चीवरचे कोट-कागद उचलून त्याने तिला बसायला जागा केली. खिडकीत एक रोप होतं आणि त्याला तो पेल्यातलं उरलेलं पाणी घालत होता. ती बसली नाही.

"मला मूळ पट्टीत गायचंय," ती म्हणाली.

त्याने पेला खाली ठेवला. "ताई, बसा तरी. मोठमोठ्या गायिका करतात हे. प्रेक्षकांत चार माणसांना कळतं, आणि ती चारही फुकट पासावर आलेली असतात."

"मला विचारलं का नाही?"

"तुमच्या यजमानांनी..."

"यजमान व्हायोला वाजवतात. गाणं मी गाते."

त्याने उचललेले कागद टेबलावर सारखे केले. मग म्हणाला, "खरं सांगू? काल तुम्ही जे गायलात तसं मी ह्या नाट्यगृहात ऐकलेलं नाही. सुंदर होतं. मूळ पट्टीत तसं होणार नाही. सूर कदाचित लागेल, कदाचित फाटेल. फाटला तर वरचे लोक मला पुढचे प्रयोग धाकटीला द्यायला लावतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही एवढी वर्षं थांबलात..."

"ते नका बोलू," ती म्हणाली.

तो ओशाळला. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं. दोन्ही पानं स्टँडवर ठेवतो. मध्यंतरात मी तुमच्याकडे येईन आणि विचारीन. तुम्ही जे सांगाल ते."

दाराबाहेर आल्यावर तिला विजय मिळाल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं की आता पळायला जागा राहिली नाही. काल रात्रीपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता. ते किती आरामशीर होतं. जिन्यात धाकटी भेटली, गळ्यात मफलर, हातात उघडं पुस्तक. ओठ हलत होते. हिला बघताच तिने पुस्तक पाठीमागे लपवलं. हिला वाटलं, म्हणावं, लपवू नकोस, मी पण तशीच उभी राहायचे. पण ती नुसती मान हलवून पुढे गेली. घरी दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. आवाजाला विश्रांती म्हणून बोलत नाही असं आईला वाटलं. नवऱ्याला काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. त्याने मागच्या खोलीचं दार उघडं ठेवून सराव केला, चाप न लावता. मूळ पट्टीत. मग खालच्या. पुन्हा मूळ.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. प्रेक्षागृह भरलेलं होतं, पहिला अंक ठाकठीक गेला, आणि मध्यंतरात ती रंगपटात आरशासमोर बसली असताना कंडक्टरने दारावर टकटक केली. त्याच्या कपाळावर घाम होता आणि कॉलर ओली झाली होती. आत न येता त्याने दारातूनच विचारलं, "कोणती?"

तिने ह्या क्षणासाठी वाक्य तयार करून ठेवलं होतं. पण प्रत्यक्ष प्रश्न आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला खालची पट्टी हवी आहे. मनापासून, अंगाच्या कणाकणाने हवी आहे. घसा म्हणत होता खालची, पाठ म्हणत होती खालची, दोन दिवस जागलेले डोळे म्हणत होते खालची. रंगीत तालमीतला तो सूर पुन्हा एकदा यावा, भरलेला, गोल, आणि ह्या खेपेला खचाखच भरलेल्या प्रेक्षागृहासमोर. कोणाला कळणार होतं? तिला कळणार होतं, पण तिला कळलेल्या कितीतरी गोष्टी घेऊन ती आजवर सुखाने जगली होतीच. तिने कंडक्टरकडे पाहिलं. तो खरोखरच वाट बघत होता. तिच्या तोंडून काय निघेल ते त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी कधी विचारलं नव्हतं, परगावच्या नाट्यगृहाला तिनेच उत्तर दिलं नव्हतं, थोरलीच्या वेळी विचारायचा प्रश्नच नव्हता.

"मूळ," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही. पण मूळ."

वादळ झालं, नगारे ह्या वेळी वेळेवर थांबले. ती धक्क्यावर आली. लाकडी धक्का, खालून निळा दिवा, कापडाचा समुद्र. पहिल्या ओळी तिने राखून गायल्या, मधल्या ओळींना आवाजाने साथ दिली, आणि मग ती चढण आली. खड्ड्यात कोणीही पान उलटलं नाही. ती चढायला लागली तशी तिला आपल्या शरीरातली एकेक जागा ठळक जाणवायला लागली: बरगड्या, पाठीचा खालचा भाग, जबड्याची बिजागरी, टाळूचा मागचा मऊ पडदा जो आता वर उचलायचा होता आणि उचलत नव्हता. काठोकाठ भरलेली घागर घेऊन अरुंद जिना चढावा तसं. शेवटच्या पायरीआधी तिला वाटलं, सांडणार. तिने सुंदर गायचं सोडून दिलं. सुंदर गायला अंगात काही उरलंच नव्हतं. तिने नुसती हाक मारली. आणि सूर आला. त्याच्या अंगावर वस्त्र नव्हतं. एखाद्या हाडासारखा पांढरा, कडेला किंचित चिरकलेला, पण जागेवर, तिथेच, अर्ध्या केसानेही खाली नाही. तिने तो धरला. जितका धरता आला तितका, म्हणजे फार नाही. मग वाद्यवृंद त्याच्यावरून लाटेसारखा गेला आणि अंक संपला.

टाळ्या पडल्या. ती काळोखात कान देऊन ऐकत होती. परवाच्यापेक्षा जास्त नाहीत, कमी नाहीत; माणसं जास्त होती म्हणून आवाज मोठा होता, एवढंच. कोणी उठून उभं राहिलं नाही. कोणी श्वास रोखून धरला असलाच तर तो तिला ऐकू आला नाही. विंगेत धाकटीने तिला पाणी दिलं आणि चेहऱ्याकडे न बघता म्हणाली, "लागला, ताई." लागला. बाण लागतो तसा की ठेच लागते तसा, ते तिने विचारलं नाही. तिला वाटलं होतं की हे झाल्यावर काहीतरी मोकळं होईल, आत साचलेलं इतक्या वर्षांचं काही वाहून जाईल. तसं काही झालं नाही. एक अवघड सूर गाऊन झाला होता, आणि अजून एक अंक बाकी होता, आणि बूट चावत होते.

प्रयोगानंतर रंगपटात नेहमीसारखी ये-जा झाली. कपडेपटातल्या बाईने पोशाख सोडवून नेला. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी येऊन "छान, छान" म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. मग नवरा आला, पेटी खांद्याला, आणि त्याच्यामागून त्याचा हात धरून आई. तो दाराशीच उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे वळ होते, नेहमीपेक्षा खोल. ती त्याच्याकडे बघत राहिली. तुला खालून ऐकू आलं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"आज आलं ऐकू," तिने न विचारताच तो म्हणाला.

"मग?"

तो उत्तर शोधत होता. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून वेळ लागत होता. तेवढ्यात कंडक्टर आला, ओला रुमाल मानेला लावून. तो सरळच बोलला. "सूर होता, ताई. मी पैज हरलो असतो."

"पण?"

"पण काही नाही. होता." मग जरा थांबून, "पुढच्या रविवारचं सांगा. कोणती पानं ठेवू?"

ती बोलायच्या आत आई बोलली. ती एव्हाना खोलीतल्या एकुलत्या एक बऱ्या खुर्चीवर बसली होती आणि पर्स मांडीवर घेऊन इकडेतिकडे बघत होती. "ते जहाजाचं गाणं ना?" आई म्हणाली. "आज तू मधेच ओरडल्यासारखं का केलंस गं? परवाचं जास्त गोड होतं."

कंडक्टरने रुमालाची घडी घातली. नवरा बुटांकडे बघायला लागला. तिने आईकडे पाहिलं. ह्या बाईला पट्टी कळत नव्हती, सूर कळत नव्हता, कंडक्टर काय करतो हे नक्की कळलेलं नव्हतं; तिला फक्त ऐकू येत होतं, आणि तिने ऐकलं ते खरंच होतं. परवाचं जास्त गोड होतं. ह्याहून खरं आजच्या दिवसात कोणी बोललं नव्हतं. तिला वाटलं होतं की हे ऐकून तिला रडू येईल, किंवा हसू येईल. आला तो राग, जुना, ओळखीचा. पण आज त्याला घशात अडकून बसायची गरज वाटत नव्हती.

"मूळच ठेवा," ती कंडक्टरला म्हणाली.

"बघा, पुन्हा विचार..."

"केला. गोड मी वीस वर्षं गायले."

कंडक्टरने मान हलवली आणि तो गेला. आईने पर्स उघडली, मिटली. लेकीच्या बोलण्यातलं तिला काय समजलं, काय नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं बाई, तुझं तू बघ. मग पुढच्या वेळी मला जरा मागच्या रांगेतलं तिकीट काढा."

नवऱ्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"बस मागे," ती आईला म्हणाली. "तिथेही ऐकू येईल."